म्हशीची घुंगरं

बहात्तर साली शिवाजी पेठेतून गडमुडशिंगीला नांदायला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत भरतनाट्यमची घुंगरं होती. सासूबाईंनी ती चिमटीत धरली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पायात चाळ बांधून नाचायला ह्यो काय तमाशाचा फड हाय व्हय गं?" त्याच दिवशी त्यांनी ती म्हशीच्या गळ्यात बांधली, आणि त्या म्हशीचं शेण काढायला मला लावलं.

म्हैस मान हलवायची, माझे पाय आपोआप ठेका धरायचे आणि ओट्यावरून सासूबाई ओरडायच्या, "पाय गप ठेव, सटवे!"

नवरात्रात अष्टमीच्या आरतीला माझ्या अंगात आलं. केस मोकळे सोडून मी हलगीवर अशी नाचले, की अख्ख्या भावकीनं माझ्या पायाशी लोटांगण घातलं. सासूबाई तर हात जोडून म्हणाल्या, "आई, चुकलं आसंल तर पोटात घाल. तुला काय पायजे, सांग."



"म्हशीच्या गळ्यातलं सोड," माझ्या तोंडून देवी गरजली, "आन् तुझ्या हातानं माझ्या पायात बांध!"