दहा फुल्या

‘तळ्याकाठी ससा पाणी पीत होता’ हे वाक्य पहिल्या पोराने ‘ओढ्यात म्हैस आंघोळ करत होती’ असं खणखणीत वाचून दाखवलं, आणि बाईंनी चमकून वर पाहिलं. कालच हा धडा त्याने घडाघडा वाचला होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि तक्त्यात फुली मारली.

बाईंची नेमणूक मागे पडलेल्या मुलांसाठी होती. नियम सरळ होता, पोरांनाही पाठ. वाचता न येणारी निदान दहा पोरं असतील तर त्या शाळेला जादा बाई; एक जरी कमी भरलं तरी बाईंनी गाशा गुंडाळायचा. वर्षापूर्वी मोडक्या बाकांच्या या खोलीत सव्वीस जण आले होते, आता दहाच उरले होते, आणि त्यातले नऊ अलीकडे वाचायला लागले होते. म्हणजे बदली ठरलेलीच. बाईंनी सकाळीच कपाट आवरून ठेवलं होतं.

दुसरीने एका ‘ससा’वर पाच मिनिटं काढली. तिसऱ्याने पुस्तकच उलटं धरलं. चौथा तर इतका रंगून अडखळला की त्याला स्वतःलाच हसू फुटलं, ते त्याने खोकल्यावर निभावून नेलं.

कार्ट्यांनी कट केला होता. रागवायला हवं होतं, पण बाईंना राग येईना. कुणीतरी आपल्यासाठी हौसेने ढ व्हायला तयार आहे, असं त्यांच्या उभ्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्यांनी कुणालाच टोकलं नाही. खोटं कशाला बोला, त्यांना इथेच राहायचं होतं.

बघता बघता नऊ फुल्या झाल्या.

दहावी कोपऱ्यातली एक मुलगी. तिला सगळे गोगलगाय म्हणत. वर्षभरात तिने तोंडातून एक अक्षर वाचलं नव्हतं. बाईंशेजारी बसून नुसते ओठ हलवायची. कटवाल्यांनी तिला काही सांगितलंसुद्धा नव्हतं. सांगायचं काय त्यात? तिची फुली तर घरचीच होती.

गोगलगाय उभी राहिली. तिने पुस्तक नाकाला लावलं.

“तळ्याकाठी,” ती म्हणाली. मग थांबली. “ससा. पाणी. पीत. होता.”

मागून कुणीतरी “अगं, गप” म्हणून कुजबुजलं, पण ती कसली ऐकते? गाडी जी सुटली ती पानाच्या तळाशीच थांबली. आवाज एवढासा, पण एक काना इकडचा तिकडे नाही. बाईंना एकदम रडूही आलं आणि हसूही.

साहेब खुर्चीत मागे रेलले.

“बाई, इतकं झकास चुकायला आधी नीट वाचता यावं लागतं,” ते हळूच म्हणाले. “मीही मास्तरकी केलीय. पण मी आपलं कानावर आलं ते लिहिलं. हिचा आवाज मात्र फार बारीक, मला नीट कळलं नाही. तुम्हीच सांगा, काय लिहू?”

नऊ जोडी डोळे बाईंवर खिळले.

बाईंनी गोगलगायीकडे पाहिलं. “बरोबर लिहा,” त्या म्हणाल्या. “ठळक लिहा. आणि वरच्या नऊ फुल्या खोडा, लबाड आहेत मेले.”

साहेबांनी खोडरबर शोधला. “मग सोमवारपासून टेकडीपलीकडची शाळा. तिथे एकतीस पोरं आहेत.”

वर्गाचे चेहरे उतरले. शेजारणीने गोगलगायीला कोपर मारलं, “घालवलंस ना बाईंना.” पण तिचं लक्षच नव्हतं. तिने पान उलटलं होतं.

“बाई, पुढचं वाचू?”

बाईंनी स्टूल ओढून तिच्याजवळ घेतलं.

“वाच,” त्या म्हणाल्या. “सोमवार लांब आहे अजून.”