न हलणारा कोपरा

दुपारचे दोन वाजले तसं भिंतीने जेवणाचं टेबल पोटात घेतलं, पलंग वर छताला सरकला आणि शर्वरीचा शिवणवर्ग मांडून झाला. दोनशे फुटांच्या त्या एका खोलीची दिवसातून चार घरं होत. शर्वरीला त्याची सवय होती. गुहागरहून नुकतेच राहायला आलेले तिचे वडील अप्पा मात्र मधोमध भांबावून उभे होते. नजर अधू झाल्यापासून ते चाचपतच वावरत, आणि इथे सकाळी हाताला लागलेली कड दुपारी नाहीशी होई.

"शरू, मी आपला गावी जातो गं. इथे बसायचं कुठे, तेही मला कळत नाही."

शर्वरीने भिंतीला सांगितलं, "खिडकीजवळची खुर्ची आणि तिवई यापुढे हलवायची नाही. कधीच."

"शिवणवर्गातल्या दोन मशिनांची जागा जाईल," भिंत म्हणाली.

"जाऊ दे."

दोन मुलींना तिने सकाळची वेळ दिली. आठवडाभराने वर्ग चालू असताना एक नवी मुलगी दारात बिचकून थांबली. अप्पा आपणहून उठले, तिवईवरच्या तांब्यातून न सांडता पेला भरला आणि तिच्या दिशेने पुढे करत म्हणाले, "ये बाळ, आत ये. घर आपलंच आहे."