भाजणीचा प्रश्न

“आज शेवटचा दिवस, दुपारपर्यंत पैसे भरले तर महिन्यात दुप्पट,” म्हणत सासूबाईंनी फोनवर चाळीस हजारांचा आकडा टाकला. ‘जयपूरच्या मराठी सखी’ ग्रुपवर साठ बायका सकाळपासून नफ्याचे फोटो टाकत होत्या. “एवढ्या आपल्या बायका खोटं बोलतील?” त्या म्हणाल्या. मांडीवरच्या बाळाला सावरत मी म्हटलं, “आई, पिन टाकायच्या आधी त्यांना एवढंच विचारा, इथे थालीपिठाची भाजणी चांगली कुठे दळून मिळते?” त्यांनी हसत ग्रुपवर विचारलं. उत्तर लगेच आलं, “ताई, आधी पैसे भरा, तीनच जागा उरल्यात.” पुन्हा नफ्याचेच फोटो आले. इथल्याच विद्याधर नगरातल्या हळदीकुंकवात याच प्रश्नावरून दोन मराठी बायकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सासूबाईंनी पिन न टाकता चष्मा काढला. “साठ मराठी बायका, आणि भाजणीवर एकीचंही मत नाही? या बायका नाहीतच गं.”