बोंबलांचा वास

फोनवरून आवाजासोबत वासही जाऊ लागला, त्या दिवशी इंदुमतीबाईंनी खिडकी गच्च लावली आणि अंगाला विलायती साबण चोळला. कोळीवाड्यातल्या घरात बसून त्या वर्षभर, फोनवरच ओळख झालेल्या कॅप्टन देवदत्तांना आपण लंडनला असल्याचं सांगत होत्या. कॅप्टन म्हणे नॉर्वेजवळच्या जहाजावर. बर्फाचा वास कसा असेल, या तंद्रीत बाईंनी फोन लावला, तर सुक्या बोंबलांचा वास भपकन नाकात शिरला.

"जहाजावर बोंबील वाळत घालता होय?" त्या कडाडल्या.

पलीकडून दोनदा हुंगल्याचा आवाज आला. मग कॅप्टन हळूच म्हणाले, "आणि लंडनला? तुमच्या साबणाखालूनही तोच वास येतोय, बाई."

बाईंनी खिडकी उघडली. बोंबलांच्या मांडवापलीकडे, समोरच्याच खिडकीत, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ डोळे मिटून, फोन नाकाशी धरून उभे होते.