उसना निखारा

टाइगचा मुलगा फेस्टी, फेस्टीचा मार्टिन आणि मार्टिनचा हा डेक्लन. बोस्टनहून आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधत तो आयर्लंडमधल्या माझ्या उंबरठ्यावर उभा होता.

“आजी, आमचं घर कुठं होतं?”

“त्या पडक्या भिंतींत. तुझ्या पणजोबानं, त्या टाइगनं, माझ्या सॉरखा नावाच्या आजीकडून चुलीतला निखारा उसना नेला अन् न फेडताच जहाजावर चढला. बुडवी जात मेली तुमची!”

तो हसला. मला हसू आले नाही. आजीपासून अखंड राखलेली आमची चूल त्याच सकाळी विझली होती, आणि ते मी कुणालाही सांगितले नव्हते.

“आजी, धुराचा वास येतोय.”

वास त्याच्याच कोटाला होता. त्याने खिशात हात घातला आणि तो पांढराफटक पडला. तळहातावर धगधगता निखारा होता. कातडी मात्र भाजली नव्हती.

“घे, सॉरखा,” तो माझ्याकडे पाहत कुणा दुसऱ्याच्याच आवाजात म्हणाला. “तुझं उसनं फिटलं.”