गोठ्याचा ब्रेकर
गोठ्यात धारेच्या मशीनमधून वीजगळती झाली, की मुख्य ब्रेकर पडून सगळं घर बंद व्हायचं. सांगलीत इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या सुनेनं, राजनंदिनीनं, गोठ्याला लगेच पडणारा वेगळा ब्रेकर लावला आणि घराचा मुख्य ब्रेकर थोडा उशिरा पडणारा बसवला.

त्याच संध्याकाळी मशीन बिघडलं. फक्त गोठा बंद पडला.

“शाबास पोरी!” टीव्हीवरची कुस्ती बघत सासरे म्हणाले.

तेवढ्यात सासू, शालूबाई, गोठ्यातून तणतणत आल्या. “नंदिनी, पयलं टीव्ही बंद पडला की तुझं मामंजी हातानं धारा काढायला यायचं. आता समद्या म्हशी मी एकटीनं पिळू व्हय?”

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीनं टीव्हीची वायर गोठ्याच्या ब्रेकरवर घेतली.