पाकिटाचं पक्कं बिल

तोतया साहेब अखेर पकडला गेला. पण ते सोडा. तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण त्या सकाळी दिव्यांच्या दुकानात शिरताना त्याच्या डोक्यात तरी तसलं काही नव्हतं.

इस्त्रीचा कोट, काखेत फाइल, चेहऱ्यावर नाराजी. एवढ्या भांडवलावर तो मूल्यवर्धित कर खात्याचा निरीक्षक बनून दुकानं फिरायचा, बिलांत खोट काढायचा आणि पाकीट घेऊन ती विसरायचा. घरी बायको त्याला खराच साहेब समजायची. सासरे म्हणजे निवृत्त मास्तर, नाकासमोर चालणारा माणूस. जावई सरकारी खात्यातला, म्हणून मुलगी दिलेली. फसवणूक निघाली तर मुलीला घेऊन जाईन, असं त्यांनी लग्नातच हसत हसत सांगून ठेवलं होतं. बायकोवर त्याचा जीव होता, त्यामुळे जगात तो एका सासऱ्यांनाच घाबरायचा.

दुकानातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाकीट काढलं आणि बिल मागितलं.

"कसलं बिल?"

"पाकिटाचं. पक्कं. बिलाशिवाय पैसा बाहेर काढायचा नाही, हे मघापासून तुम्हीच सांगताय ना, साहेब?"

त्याने एका कागदावर काहीतरी खरडून दिलं. बाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि परत केलं. अनुक्रमांक नाही, तारीख नाही, कर वेगळा दाखवलेला नाही आणि नोंदणी क्रमांक तर औषधालासुद्धा नाही. नोंदणी कुठे करतात हे त्याला ठाऊक नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. साहेब लोकांना बाहेरची कामं कुठे माहीत असतात, असं म्हणून त्यांनी पत्ता दिला. रंगाऱ्याच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला. त्यांची स्वतःची नोंदणीही तिथलीच होती.

दुसऱ्या मजल्यावर दुधी काचेची खिडकी होती. खालच्या फटीतून एक हात यायचा, कागद घ्यायचा, शिक्का मारून परत द्यायचा. 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यात त्याने बराच विचार करून 'तपासणी न करण्याची सेवा' असं लिहिलं. हाताने मुकाट्याने शिक्का मारला.

मग धंद्याला बरकत आली. पक्कं बिल मिळतं म्हटल्यावर दुकानदार आपणहून बोलवू लागले, कारण पाकीट आता खर्चात दाखवता येत होतं. पाकिटावर वेगळा घेतलेला कर तो दर तिमाहीला इमानेइतबारे त्या खिडकीत भरायचा. ऑफिसात काम वाढलंय, असं बायकोला सांगताना आता खोटं बोलल्यासारखंही वाटेना.

एकदा बायको तापाने फणफणली आणि भरणा राहिला. लगेच नोटीस आली: समक्ष हजर राहावे.

चौकशी लागली तर ती घरापर्यंत येणार आणि सासऱ्यांना कळणार. त्यापेक्षा आपणच कबूल झालेलं बरं, असं ठरवून तो काचेशेजारच्या दारातून पहिल्यांदाच आत गेला. मान वर करायची हिंमत नव्हती.

"मी निरीक्षक नाही, साहेब. तोतया आहे. काय वाटेल तो दंड करा, पण माझ्या सासऱ्यांना कळवू नका."

टेबलामागून खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"बसा, जावईबापू," सासरे म्हणाले आणि त्यांनी शिक्क्यावर हळूच रुमाल टाकला. "तुम्हीही माझ्या मुलीला हे खातं सरकारचं नाही, माझं आहे, ते कळवू नका."

तो बसला. समोरचा कोरा कागद ओढून त्याने वळणदार अक्षरात लिहायला घेतलं: "मा. कर आयुक्त यांस, आजतागायत आपल्या कार्यालयात भरलेला सर्व कर सव्याज परत मिळावा, ही नम्र विनंती."